रबराचं कडं

६ नोव्हेंबर १९५६, मंगळवार

दोन रात्री झोप न्हाई. उताणी निजले की कंबर फुटती, उठले की खाली ओढ लागती. आज मोरीत बसले तर हाताला लागलं — लिंबाएवढं, मऊ. वाटलं आतडंच बाहेर आलं.

पोरगी तीन म्हयन्यांची. बाराव्या दिसापासनं मी नळावरनं हंडे आणते. सासूबाई म्हणाल्या, "आमी पाचव्या दिशी शेतात व्हतो."

यांना कसं सांगू. लाज वाटती.

७ नोव्हेंबर

शेजारच्या रोशनबीला सांगितलं. हसली न्हाई. म्हणाली, "माझंबी अंग आलं व्हतं बाहेर. चिंचवडच्या दवाखान्यात गुरुवारी डॉक्टरीणबाई येती. घरी सांग, पोरीला देवीची लस टोचायची."

८ नोव्हेंबर

गेले. बाईंनी तपासलं. गर्भाची पिशवी मागं कललीय आन् खाली घसरलीय म्हणाल्या. मनगट वाकवून मूठ दाखवली — अशी पायजे, तुझी अशी पडलीय. मी इचारलं, माझं काय चुकलं? "तुझं काही चुकलं नाही. ओली बाळंतीण आणि डोक्यावर हंडे!"

आत रबराचं कडं बसवलं. त्यानं पिशवी वर ऱ्हाती. तीन म्हयन्यांनी बाईच काढून धुवून परत बसवणार. जड उचलायचं न्हाई.

पिंपरीला घरापतुर चालत आले. काय बी खाली आलं न्हाई. पोरीला रस्ताभर मोटारी दाखवल्या.

११ नोव्हेंबर

हंडा उचलंना म्हणून यांनी इचारलं. खरं ते सांगितलं. यांनी आईला सांगितलं, आईनं नळावर. तिथं दुर्गाबाई म्हणाल्या, पोरं होऊ नयेत म्हणून सरकार घालतंय ते.

झालं. सासूबाई वरडल्या, "पहिली पोरगी, आन् आत्ताच वंश बंद करून आली!" मी पोरीची शपथ घेतली. हे म्हणाले, "आई म्हणती तसं कर. काढून टाक."

१२ नोव्हेंबर

हे शिफ्टला जाताना बाहेरनं कुलूप लावत्यात. दवाखान्यात पळंन म्हणून. सासूबाई चाकणला गेल्या, सुभद्रा सुईणीला आणायला.

१३ नोव्हेंबर

सासूबाईंनी खांदे धरले. सुईण म्हणाली, "निघंना की गं, घट्ट बसलंय." मग वढलं. कडं चुलीत टाकलं. लई वास आला.

१४ नोव्हेंबर

रगत थांबत न्हाई. तिसरं लुगडं भिजलं. हे शिफ्टला, सासूबाई सुईणीला पोचवायला गेल्या. कुलूप हायेच. रोशनबी माहेरी. हाका मारल्या तर बायका खिडकीशी आल्या. घरचा मामला म्हणाल्या, गेल्या.

ही वही खिडकीतनं रस्त्यावर टाकते. ज्याला घावंल त्यानं मागचं वाचू नये, एवढंच वाचावं. माझा भाऊ चिमाजी पुण्यात भवानी पेठेत लाकडाच्या वखारीत हाय. वखारीचा फोन २६४१. त्याला फोन करा. म्हणावं गजराला न्यायला ये, आजच ये. पोरगी माझ्यापाशीच हाय, तिलाबी ने.