सस्पेंडर पार्टीतलं भांडण

३ नोव्हेंबर २०२४

एमिलियाचा फोन! आमच्या बँडची, सस्पेंडर पार्टीची गायिका. आवाज अजून तस्साच. "अठ्ठावीस डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मढला, घरीच. सस्पेंडर पार्टी वाजवणार म्हणजे वाजवणार. इग्नेशियस पण येतोय. लवू, नाटकं करू नकोस हां!"

हो म्हणालो. मग जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर

माळ्यावरून ड्रम काढले. प्रेमा म्हणते, "पोट आत घ्या, सस्पेंडर तुटतील." बायको!

१० नोव्हेंबर

काय दिवस होते! मुलुंडच्या गणपतीत स्विंग वाजवणारे आम्हीच. स्विंग म्हणजे काय, कोणाला ठाऊक नव्हतं – जुन्या पिक्चरमधलं क्लबातलं म्युझिक, म्हटलं की कळायचं. पांढरे बूट, हॅट, पँटला खांद्यावरून सस्पेंडरचे पट्टे, आणि दर शोला एक भांडण. म्हणजे नाटकातलं. गाणं मध्येच तोडून मी ड्रमवरून उठायचो, इग्नेशियसच्या ट्रम्पेटला नावं ठेवायचो. तो म्हणायचा, "तुझ्यापेक्षा माझी सासू बरी वाजवते!" आणि माझी हॅट पायाखाली तुडवायचा. पब्लिक खलास! मग मिठी, आणि पुढचं गाणं.

बोरिवलीचा शो, २०१३. इग्नेशियस सारखा तालाच्या मागे. माझं डोकं फिरलं. भांडणाची वेळ आली आणि मी खरंच बोललो – "म्हातारा झालास तू. तुझ्यामुळे पार्टीची वाट लागली. घरी बस." त्याने सासूचंच उत्तर दिलं, लोक हसले. पण पुढच्या प्रॅक्टिसला तो आला नाही. नंतरही कधी नाही. मी फोन केला नाही – कुठल्या तोंडाने करणार? ट्रम्पेटशिवाय महिन्याभरात सगळं बंद पडलं.

१४ डिसेंबर

माफी मागायचीच. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. "कोणाशी बोलताय?" – प्रेमा. दाढी करतोय म्हणालो.

२८ डिसेंबर

मढ. एमिलियाच्या अंगणात मंडप. इग्नेशियस पार पांढरा झालाय, कानात मशीन. पण ट्रम्पेट तोंडाला लावला आणि – ताल पक्का! रडलो मी, ड्रमच्या मागे बसून.

वाजवण्याआधी एकटा सापडलाच नाही. म्हणून भांडणाच्या वेळी उठलो, हॅट काढली, म्हणालो, "इग्नेशियस, तेव्हा चुकलो रे. माफ कर." त्याला वाटलं, मी नवा डायलॉग आणलाय! "तुझ्यापेक्षा माझी सासू बरी माफी मागते!" टाळ्याच टाळ्या. मीही हसलो, दुसरं काय करणार? जेवणातलं डुकराचं सोरपोतेल झकास होतं म्हणे. मला चव लागली नाही.

२९ डिसेंबर

इग्नेशियसला फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बोरिवलीला तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नव्हतं रे. कान गेले होते. तुझं तोंड थांबलं, तशी मी सासू काढली. ताल चुकतोय कळलं, म्हणून लाजेने यायचं बंद केलं. वाटलं होतं, लवू येईल विचारायला. लय दिवस वाटायचं."