साठच्या पुढची थरथर

दि. ४ जानेवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

पत्रास कारण की, सैन्यातून निवृत्त झालेला एक ट्रक मी लिलावात घेतला आहे. चार चाकं, हिरवा रंग, आणि चढायला शिडी लागते. तुझ्या गावचा रस्ता खचल्यापासून बस फाट्यावरच थांबते आणि पुढचे नऊ किलोमीटर नुसते दगड आहेत. आईला तुझ्याकडे यायचं आहे. तुझं घर पाहून तिला तीन वर्षं झाली. गुडघ्यांमुळे तिला एवढं चालवत नाही, म्हणून हा खटाटोप.

ट्रकला टायर नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांतून पलीकडचं दिसतं. नवे कोणते घ्यावेत ते कळवावे. माझ्याशी तोंडाने बोलणार नाही या तुझ्या शपथेची आईने मला आठवण करून दिली. लिहिण्याबद्दल शपथेत काही नव्हतं, असंही तीच म्हणाली.

कळावे.
दादा


दि. ११ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा ट्रॅक्टरचं चाक उचलत होते. अक्षर ओळखलं आणि चाक पायावर पडता पडता राहिलं.

आधी शपथेचं बघू. तू जन्मभर भूमिती शिकवलीस, तुला व्याख्या लागते. बाबांच्या पश्चात दुकान मी चालवीन असं मी म्हटलं, तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तू म्हणालास की टायर म्हणजे रबराचं कडं, त्यात शिकण्यासारखं काय आहे. हे शब्द मागे घेईपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही, असं मी तेव्हाच सांगितलं. ते अजून चालू आहे. पत्र हाताने लिहितात, त्यामुळे चालेल.

आता कड्याबद्दल. तुला चाळीस किलोमीटर डांबर आहे आणि नऊ किलोमीटर दगड. तेव्हा मोठमोठ्या दात्यांचे, चिखलातले टायर घेऊ नकोस. ते दिसतात रुबाबदार, पण डांबरावर बोंब मारतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. मध्यम नक्षीचे आणि जाड बाजूंचे घे, कारण दगडावर टायर फाटतो तो बाजूने. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, आठवडा आणि वर्ष. ते वाचल्याशिवाय जुना माल गळ्यात मारून घेऊ नकोस. आणि मूळ मापाहून मोठा टायर अजिबात नको.

आईला सांग, मी वाट बघतेय. तिची.

लोभ असावा. तो कमी पडला तरी चालेल, हवा कमी पडू देऊ नये.
बारकी


दि. २७ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग दातेरी टायर घेतले, तेही एक माप मोठे. दुकानात ते समोरच मांडले होते आणि माझी बुद्धी चळली. ट्रक इतका भारदस्त दिसला की शेजारचे इस्त्रीवाले उभे राहिले.

पहिल्याच चौकात कळलं की डावीकडे वळवलं की चाक मडगार्डला घासतं. फक्त उजवीकडेच वळता येत होतं. पण तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं, एवढी भूमिती मला येते. त्या हिशोबाने घरी आलो. वीस मिनिटांच्या वाटेला पावणेदोन तास लागले. एका भाजीवाल्याच्या समोरून चार वेळा गेलो, चौथ्या वेळी त्याने सलाम ठोकला. आई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने सलाम घेतला.

दुसऱ्या दिवशी ते टायर परत देऊन तू सांगितलेस तसेच आणले. बॅलन्सिंगही करून घेतलं. इथला बॅलन्सिंगवाला एकावर एक दोन चष्मे लावतो, पण काम नेटकं करतो. घरी येताना गाडी लोण्यासारखी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र साठच्या पुढे काटा गेला की सगळा ट्रक थरथरायला लागला. आईची कवळी तोंडात आपोआप वाजत होती. असं का व्हावं?

बाकी आई मजेत आहे. तिने घरातले सगळे पडदे काढून त्यांच्या खालच्या काठांना नव्याने टाके घालायला घेतले आहेत.

उत्तराच्या वाटेकडे डोळे आहेत, असं आई म्हणते.
दादा


दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी उजवी वळणं वाचून मी दुकानात एकटीच हसत बसले. गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागे सरलं.

आता नीट आठवून सांग. थरथरतं काय, स्टिअरिंग की बूड? स्टिअरिंग असेल तर दोष पुढच्या चाकांत, बूड असेल तर मागच्या. कुठलाही टायर सगळीकडून सारखा नसतो, एक बाजू कणभर जड असतेच. म्हणून तिच्या समोर रिमच्या कडेला बोटाएवढं शिशाचं वजन ठोकतात. ती वजनं जागेवर आहेत का बघ. रिमच्या आत चिखल वाळून बसला असेल तर तोही खरवडून काढ.

आणि तुझी कंबर कशी आहे? त्या शिडीवरून चढ-उतार करतोस ते तिला सोसतं का? आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, मी निरोप्या नाही, तूच विचार.

लोभ होता तेवढा आहे, थोडा वाढवायला हरकत नाही.
बारकी


दि. १४ फेब्रुवारी

प्रिय बारकीस अनेक आशीर्वाद.

कंबर बरी आहे. तू विचारलंस तेव्हापासून जास्तच बरी आहे.

थरथर स्टिअरिंगमध्ये होती आणि पुढच्या चाकांची वजनं खरोखरच गायब होती. पुन्हा ठोकून आणली. एक दिवस गाडी सुरेख चालली, दुसऱ्या दिवशी वजनं गायब. तिसऱ्यांदाही तेच. बॅलन्सिंगवाल्याने दोन्ही चष्मे काढून शपथ घेतली की तो पक्की ठोकतो. मग मी खडूने खुणा केल्या, तक्ता आखला, आणि दुर्बीण घेऊन खिडकीत बसलो. समोरच्या घरातल्या बाईंनी त्यांची खिडकी लावून घेतली. शेवटी आई म्हणाली की गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेव, दुपारी तू झोप, पहारा मी करते. या वयात तिने स्वतःहून हे काम मागून घेतलं, याने मला भरून आलं. ती सांगते की दुपारभर चिटपाखरू फिरकत नाही. तरी वजनं जातात.

पडदे मात्र छान झाले आहेत. पंखा कितीही जोरात सोडला तरी हलत नाहीत, कवायतीला उभे असल्यासारखे ताठ. माझी पत्रंही हल्ली आईच पाकिटात घालते. म्हणते, तुला डिंक लावता येत नाही.

सवडीने लिही, पण लवकर लिही.
दादा


दि. २१ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एक कर. जिथून वजन गेलं आहे तिथे रिमच्या कडेवर चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडा आहे का ते बघ. असेल तर घाबरू नकोस आणि पहारेकरीही बदलू नकोस.

दुसरं, बाबांची ती जुनी पक्कड, एका जबड्याचा टवका उडालेली, आई आठवण म्हणून घेऊन गेली होती. ती नीट आहे ना, एवढं कळव. सहज विचारते.

लोभ वाढला आहे, कारण पुढे कळेल.
बारकी


दि. १ मार्च

प्रिय बारकीस अनेक आशीर्वाद.

ओरखडा आहे, अगदी चंद्रकोरच. तुला इतक्या लांबून कसं कळलं? पक्कड आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. रोजच्या वापरात असावी इतकी चकचकीत ठेवली आहे तिने.

काल चौथ्यांदा वजनं ठोकायला गेलो तेव्हा दोन तास नुसता उभा राहून बघत होतो. बॅलन्सिंगवाला चाक फिरवायचा, थांबवायचा, हाताने चाचपायचा, पुन्हा फिरवायचा. एवढं मोठं धूड, आणि बोटभर शिशाने ते शांत होतं. मी छत्तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढली. खरं चाक तसं नसतं, त्याला कुणीतरी समजून घ्यावं लागतं, हे मला काल कळलं.

बारके, मी ते रबराचं कडं म्हणालो ते चुकलो. गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, ते त्याहून चुकलो. शब्द मागे घेतो. खरं सांगायचं तर बाबांनी मला चार वेळा ते काम शिकवायला घेतलं आणि मला ते एकदाही जमलं नाही. तुला पहिल्या फटक्यात जमलं. त्याची लाज मी तुझ्यावर काढली.

तुझा
दादा

ता. क. (२ मार्च) पत्र काल आईकडे दिलं होतं, ते आज डोळे पुसत परत आणून म्हणाली की आणखी काही लिहायचं असेल तर लिही. कांदा चिरत होते म्हणाली. स्वयंपाक तर केव्हाच झाला होता. असो. आज ट्रक सत्तरपर्यंत नेला, थरथर नाही. वजनं सगळी जागेवर. पडदे मात्र पुन्हा फडफडायला लागले आहेत.


दि. ४ मार्च

चि. थोरल्यास व चि. बारकीस, दोघांस अनेक उत्तम आशीर्वाद.

एकच पत्र दोघांना लिहिते. थोरल्याने वाचून, कपाळावर हात मारून झाला की पुढे धाडावं.

वजनं मी काढत होते. चाळीस वर्षं तुमच्या बाबांच्या दुकानात बसले, पक्कड कुठे लावायची ते मला डोळे मिटून कळतं. थोरल्याला दुपारी झोप चांगली लागते. काढलेलं शिसं टाकवेना, म्हणून पडद्यांच्या काठात शिवलं. त्या दोन चष्मेवाल्याचा मात्र उगाच जीव टांगणीला लागला, त्याची मी माफी मागून आले.

का केलं, तेही सांगते. ट्रक पहिल्याच दिवशी धड चालला असता तर थोरल्याने मला बारकीच्या दारात उतरवलं असतं आणि तोंड फिरवून परत गेला असता. थोरल्याचं पहिलं पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. गाडी थरथरली तसं पत्र लांबलं. मग कंबर आली, हसणं आलं. तेव्हा मी ठरवलं की थोरला चुकलो म्हणेपर्यंत गाडी नीट चालू द्यायची नाही. त्याने म्हटलं, आणि मी त्याच दुपारी काठ उसवून सगळं शिसं त्या चष्मेवाल्याला नेऊन दिलं, चौथ्यांदा ठोकलेल्या वजनांना हात लावला नाही. हो, तुमची पत्रं मी वाचते. तीन वर्षं याला सांग, तिला सांग, असे तुमचे निरोप पोचवून माझं तोंड दुखलं. त्याची भरपाई समजा.

येत्या रविवारी आम्ही निघतो. मी दारात उतरले की मुकी होणार आहे. तुमचं तुम्ही बोला.

दोघांवर सारखाच लोभ, कणभरही इकडे तिकडे नाही.
आई


दि. १५ मार्च

प्रिय बारकीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आई तुझ्याकडे रमली असेल. एकोणपन्नास किलोमीटर मी एक वाक्य पाठ करत आलो होतो, आणि तू दारातून थेट ट्रकच्या खाली वाकून म्हणालीस की पुढच्या डाव्यात हवा जास्त आहे, दगडांवर थोडी कमी ठेवायची असते. तीन वर्षांनी कानावर पडलेलं तुझं पहिलं वाक्य. माझं पाठांतर वाया गेलं आणि मला फार बरं वाटलं. मग आपण अंधार पडेपर्यंत काय काय बोललो ते मला आठवतही नाही, एवढं बोललो. आई शब्दाला जागून गप्प बसली होती, हेच एक आश्चर्य.

आता एक विचारायचं आहे. येताना गाडी लोण्यासारखी होती. परतताना फाट्याच्या पुढे साठला काटा लागला आणि स्टिअरिंग थरथरलं. उतरून बघितलं तर पुढच्या दोन्ही चाकांची वजनं नाहीत. चंद्रकोर आहे, म्हणजे पक्कड आईच्या डब्यातलीच. पण निघेपर्यंत आई माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसली होती. हवा तपासते म्हणून दहा मिनिटं खाली गेली होतीस ती तू.

दादा


दि. १९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वजनं माझ्याकडे आहेत. टपालाने पाठवता येत नाहीत, जड आहेत. तुलाच यावं लागेल. पन्नासच्या आत सावकाश ये.

बारकी