होडीची गाठ

३ मे २०१२, गुरुवार. विचुंबे

रजा मंजूर. चोवीस दिवस. जासईच्या यार्डात कंटेनरच्या नोंदी तोवर दुसरा कोणी बघणार, म्हणजे आल्यावर सगळं मलाच निस्तरायचं. साहेबांनी बजावलं, एवढी रजा पुन्हा मागायची नाही. म्हणजे मनालीचा हा गिर्यारोहणाचा कोर्स एकदाच. आणि यात 'ए' ग्रेड मिळाली तरच पुढच्या कोर्सला घेतात.

घरी करंज्याला वडिलांना, आबांना फोन केला. म्हणाले, "बरफ बगाया तवऱ्या लांब कशाला जातस? आपल्या करंज्याला मासलीसाठी टरकानं येतो."

मेधाताई सोबत येतेय, तिची बॅग सतरा किलो. माझी एकवीस, त्यात जवळ्याच्या चटणीची बरणी.

९ मे, बुधवार. बेस कॅम्प

पोचलो. मनालीपासून दीड दिवस चाल. डोकं ठणकतंय. मी सह्याद्रीतल्या सवयीनं पुढे पळाले आणि तंबूशी येऊन ओकले. मेधाताई सगळ्यांच्या मागून, विचारपूस करत आली आणि चहा प्यायली. सत्तेचाळीस वय, बँकेत दिवसभर खुर्चीत. कोर्सची पोरं तिला पाठीमागे 'आजी' म्हणतात. तिला कळतं ते.

सहा वर्षांपूर्वी कर्नाळ्याच्या सुळक्यावर हिनेच मला पहिल्यांदा दोर बांधला होता. हे त्या पोरांना सांगायला हवं होतं. डोकं दुखत होतं, तंबूत जाऊन आडवी झाले.

१२ मे, शनि.

बर्फावर चालणे, घसरलं तर बर्फाची कुऱ्हाड रोवून थांबणे. पन्नास वेळा मुद्दाम घसरलो. पार्श्वभाग काळानिळा. नवांग सर, आमचे मुख्य प्रशिक्षक, फार बोलत नाहीत. हात कसा ठेवायचा ते स्वतः वाकून दाखवतात.

दोऱ्यांच्या तासाला मी वर्गात पहिली. लहानपण होडीत गेलं, दोरी हाताला आपोआप कळते. सरांनी सगळ्यांना माझे हात बघायला सांगितलं. फुगले, कबूल आहे.

चटणीच्या वासाने मेधाताई पहिले दोन दिवस तंबूबाहेर बसायची. आज तिने राजम्यात कालवून खाल्ली.

१६ मे, बुध.

लिहायचं नव्हतं. लिहिते.

हिमनदीवर भेगेत पडलेल्या माणसाला वर काढायचा सराव. बर्फात ठोकलेल्या मेखेला दोरीची गाठ सकाळी मेधाताईने बांधली होती. दुपारी तिचीच पाळी आली भेगेत उतरायची. दोरी कमी पडत होती, म्हणून मी गाठ सोडून दोरी वाढवली, पुन्हा बांधली. तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून कडेला उभी होती. ती खाली गेली. कोणाचा तरी बूट दोरीच्या सुट्या टोकात अडकला, टोक ओढलं गेलं आणि गाठ सुटली.

चार फूट पडली. मग सरांच्या हातातल्या दुसऱ्या दोरीने धरलं. गुडघा भिंतीवर आपटला. ती ओरडलीसुद्धा नाही.

वर काढल्यावर सरांनी विचारलं, ही गाठ कोणाची. मेधाताई म्हणाली, "माझीच. सकाळी मीच बांधली."

मी गप्प.

कोणती गाठ बांधली ते मला लगेच कळलं होतं. हातमोजे, थंडी, मागून घाई. हाताने घरची गाठ बांधली. आमच्याकडे होडी खांबाला बांधतात ती. टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. भरतीच्या वेळी खोळंबा नको म्हणून. सातव्या वर्षी शिकले.

१७ मे, गुरु.

गुडघा सुजलाय पण चालता येतंय. पोरं हळू आवाजात बोलतात, वय झालं की असंच होतं वगैरे. मेधाताईने सरांना सांगितलं की ती कोर्सच्या शेवटच्या शिखरचढाईला येणार नाही. कारण गुडघा नाही. तिचा स्वतःच्या हातावर भरवसा उरला नाही, वर दुसऱ्या कोणाचा जीव जायला नको.

संध्याकाळी तंबूत एक जुना दोर घेऊन गाठ बांधत होती, सोडत होती. मला म्हणाली, बघ गं बरोबर आहे का. बरोबर होती. प्रत्येक वेळी बरोबर होती.

सांगितलं तर 'ए' जाणार. न सांगितलं तर कोणालाही कळणार नाही, गाठ सुटली म्हणजे पुरावाच नाही. दिवसभर हेच. स्वतःची किळस आली.

१८ मे, शुक्र.

सकाळी नाश्त्याआधी सरांकडे गेले. सांगितलं. त्यांनी दोर हातात दिला, म्हणाले ती गाठ बांधून दाखव. बांधली. त्यांनी टोक ओढलं, सुटली. पुन्हा बांधायला लावली. पुन्हा ओढलं. पाच-सहा वेळा.

मग म्हणाले, "ऊपर तुम नहीं जाओगी। और मेधा को मैं नहीं बताऊँगा, तुम बताओ।"

मेधाताई गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती. मी उभ्यानेच सगळं बोलले, मध्ये थांबले असते तर जमलं नसतं. तिने पट्टी पूर्ण गुंडाळली, पिन लावली.

"दोन दिवस मी माझ्या हातांकडे बघत बसले होते, सुगंधा."

एवढंच. नंतर सरांच्या तंबूकडे गेली आणि शिखराच्या यादीत नाव पुन्हा घालून घेतलं. पोरांना तिने काही सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणाला मीच सांगितलं.

२० मे, रवि.

ते लोक पहाटे तीनला गेले. मी बेस कॅम्पवर भांडी घासली, स्टोव्ह पेटवून ठेवला. दुपारी सव्वादोनला सगळे परत. मेधाताई पोचली होती वर. चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले. मी चहा दिला. घेतला. "थँक्यू" म्हणाली. सहा वर्षांत ती मला कधी थँक्यू म्हणाली नव्हती.

२३ मे, बुध.

ग्रेड 'बी'. रडू आलं. ते ग्रेडसाठीच आलं, खोटं कशाला लिहू.

२७ मे, रवि. करंजा

परतीच्या गाडीत मेधाताई वरच्या बर्थवर झोपून राहिली. पनवेलला उतरून रिक्षा वेगळी केली.

आज आबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं माझी बाजू घेतील. जाळं विणत होते, सुई थांबली नाही.

"ती गाठ होरीची. होरी सुटली तं पोऊन आनता येते. मानूस कसा आननार?"

मग आईला म्हणाले, पोरीला जेवाय वाढ. मी दोन वेळा भात घेतला.

२ जून, शनि. विचुंबे

यार्डात हजार चुका सापडल्या नोंदींत, आठवडा त्यात गेला. बरंच झालं.

आत्ता मेधाताईचा फोन. आठवड्यात पहिला. उद्या कर्नाळ्याला नवीन बॅच आहे, सात जण, शिकवायला माणूस कमी. सहाला पायथ्याशी ये म्हणाली. मी विचारलं, तू चढशील तेव्हा खालून तुझा दोर मी धरायचा का?

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"ये तर आधी," ती म्हणाली. "तिथं बघू."