अकरा वर्षांपूर्वीचं पान आणि मामींची कवळी

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितोय खरं, पण कमरेमुळे खुर्चीतूनच; भाव तेवढाच समजावा.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. जिना चढताना तुमचा गुडघा अजून कुरकुरतो का? मामींची तब्येत विचारायला थेट फोन केला असता, पण त्यांनी माझ्याशी अबोला धरलाय हे तुम्ही जाणताच. शिवाय तुम्हीही गेल्या रविवारी मला "निष्काळजी" म्हणून फोन ठेवलात. तेव्हा खरा प्रकार काय झाला तो सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, चष्मा लावून, बसून वाचावं.

तुम्हाला ठाऊक आहे की दंतवैद्य माप घेतो आणि कवळी मी करतो. मेणात दात बसवायचे दिवस आता गेले. जबड्याचं चित्र संगणकावर येतं, त्यावर एकेक दात मी पडद्यावरच लावतो आणि मग कोरायचं यंत्र ती कवळी कोरून देतं. अडचण अशी, की दात लावायचा प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो आणि यंत्राचा दुसरीवर. म्हणून आमच्या कार्यशाळेतल्या एकाच संगणकात दोन्ही बसवल्या आहेत. (दुसरी तुमच्याच आग्रहावरून. फुकट असते, दणकट असते, असं तुम्ही माझ्या लग्नातही पाहुण्यांना सांगत होतात.) एकाच डिस्कचे कप्पे पाडायचे, त्यांना पार्टिशन म्हणतात, आणि दोघी आपापल्या कप्प्यात राहतात, सख्ख्या जावांसारख्या. एकीचं सामान दुसरीला लागतंच, पण विचारून घ्यावं लागतं.

मामींच्या कवळीवर मी पूर्ण दोन दिवस घालवले. त्यांना शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवायची होती, म्हणून पुढचे दात चारदा हलवले. शेवटी मनासारखं जमलं, तेवढ्यात जेवायची वेळ झाली. मी काम तसंच उघडं ठेवून संगणक झोपवला. (सेव्ह का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. विचारू नका.) झोपवला म्हणजे त्या क्षणी पडद्यावर जे काही असेल ते तो एका फाईलमध्ये बांधून ठेवतो आणि मग बंद होतो. जेवून आलो आणि यंत्राची मापं पहिल्या बाजूच्या कप्प्यात टाकायची म्हणून दुसरी सिस्टिम चालू केली. ती म्हणाली, तो कप्पा झोपलेला आहे; वाचू देईन, त्यात लिहू देणार नाही. मला काही कळेना.

तेव्हा मी या सिस्टिमच्या मंडळींनी मिळून लिहिलेल्या मदतीच्या पानांतलं एक पान उघडलं. "दुसऱ्या सिस्टिमचं पार्टिशन कसं उघडावं" असं ठळक नाव, लाखभर लोकांनी वाचलेलं, आणि लिहिलेलं अकरा वर्षांपूर्वी. पहिल्याच ओळीत ज्या मेनूत जा म्हटलंय तो मेनू आता अस्तित्वात नाही. जो वेगळा प्रोग्राम बसवा म्हटलंय त्याची गरज बहुतेकांना उरलेली नाही. "पार्टिशन दुसरंच असेल" असं बेधडक ठोकून दिलंय. माझ्या डिस्कवर सहा आहेत. हे सगळं मी पोटात घातलं. पण सगळ्यात खाली लिहिलं होतं: "कप्पा झोपलाय अशी तक्रार आली तर पुढची आज्ञा द्या. झोपेची फाईल पुसली जाईल. काही बिघडत नाही." मी आज्ञा दिली. कप्पा लगेच उघडला. पहिल्या बाजूला जाऊन पाहतो तर मामींचा जबडा जागेवर आहे आणि दात एकही नाही.

मामा, त्या क्षणी मला खरंच रडू आलं. पुन्हा दोन दिवस बसलो, कवळी सोमवारी दिली, पण शनिवार गेला तो गेलाच. महिनाभर आवाज चढवून-उतरवून तयारी केलेल्या मामी त्या सकाळी घरी बसल्या, आणि दुसऱ्याच कुणीतरी मुलांना यादी वाचावी तशी गोष्ट वाचून दाखवली असं ऐकतो. माझी चूक मी नाकारत नाही. पण "काही बिघडत नाही" असं लिहिणारा तो महाभाग कोण? उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि मग अकरा वर्षांत आपल्या लिखाणाकडे एकदा वळूनही बघायचं नाही! अशा आळशाच्या भरवशावर लाखभर माणसं आपापल्या डिस्का उघडतायत. मी ठरवलं, ही ओळ बदलल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

बदल सुचवायची मुभा कोणालाही आहे. तपासतो मात्र तिथला एक पहारेकरी. पहिल्यांदा मी लिहिलं, "या ओळीने माझ्या मामींचे दात खाल्ले." उत्तर आलं, भाषा भावनिक आहे. दुसऱ्यांदा कोरडंठाक लिहिलं: आधी पहिल्या सिस्टिममध्ये परत जा, काम सेव्ह करा, झोपवू नका, पूर्ण बंद करा, तिथली झटपट सुरू होण्याची सोयही बंद करा, मग इकडे या, फाईल पुसणं हा अगदी शेवटचा उपाय आणि त्यात उघडं काम सगळं जाईल. उत्तर आलं, दोन संगणकांवर करून दाखवा. एक माझा होता. दुसऱ्यासाठी शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तयार झाला. त्याला म्हटलं, काहीतरी बिनकामाचं लिही, सेव्ह करू नकोस आणि झोपव. त्याने कविता लिहिली. ती अपेक्षेप्रमाणे गेली. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की ती त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम कविता होती, आणि काचेतून माझ्याकडे बोट दाखवतो. (चार ओळी होत्या, मी वाचल्या होत्या. गेल्या ते बरंच झालं.) मग जुनी चित्रं काढून नवी घातली, सहातलं आपलं पार्टिशन नेमकं कसं ओळखायचं ते लिहिलं. पाच वेळा परत आलं. सहाव्यांदा पहारेकऱ्याने एक स्वल्पविराम काढायला लावला आणि लिहिलं, "उत्तम."

तर निष्काळजी कोण, हे आता तुम्हीच ठरवा. मामींना नमस्कार सांगा (ऐकून घेतील तर). कवळी टोचत असेल तर लगेच कळवा. त्यांचा अबोला माझ्याशी आहे, कवळीशी नाही.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. — "उत्तम" म्हटल्यावर पहारेकऱ्याने असंही लिहिलं की हे पान कुलूपबंद आहे. मूळ लेखकाने मंजुरी दिल्याशिवाय बदल कोणाला दिसणार नाहीत. त्याला तीन विनंत्या पाठवल्या, पण तो मेल उघडतच नाही. मी त्याचा पत्ता मागून घेतला. मामा, तो तुमचा आहे. म्हणून हे कागदी पत्र. वर आळशी, महाभाग वगैरे लिहिलंय ते हे कळण्याआधीचं समजावं. (कळल्यावरच लिहिलंय, पण समजावं आधीचं.)

ता. क. २ — मेल उघडा. हिरवं बटण आहे, त्यावर "मंजूर" लिहिलंय. एकदाच दाबायचं. "नंतर बघू" म्हणायचं नाही.

ता. क. ३ — मामींना मी एवढंच सांगितलंय की इंटरनेटवरच्या कुणा दीडशहाण्याचं पान वाचून हे घडलं. काल त्यांनी माझ्या बायकोकरवी विचारलं, त्या माणसाचा ठावठिकाणा मिळेल का. आता दात आलेत, त्याला चार शब्द सुनवायचे आहेत. मी उलट निरोप दिलाय की शोधतोय. आता बटण दाबलं गेलं तर तो सापडणं कठीण, नाहीतर शुक्रवारी सापडेल.