शून्य वॅट

टेमघर, भिवंडी
ता. ११ जानेवारी

चि. उन्नती,

आशीर्वाद. मी बरी आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच बोलतेस आणि माझं राहून जातं. अक्षर वाकडं आहे, वाचून घे.

रविवारी येऊ नकोस. मानकोली नाक्यावर कंटेनर अडकलेत, गाडी जागची हलत नाही. शिवाय घरात लूमची रुई उडते, तुला शिंका येतात. नंतर ये.

पप्पांकडे दुरुस्तीला आलेला तो लूमच्या कंट्रोलरचा बोर्ड तुझ्या कंपनीत तपासायला न्यायची गरज नाही. हिशेब मीच केला, तू शिकवलास तसा. चिप जितके वॅट गरमीत घालवते, त्याला एका वॅटमागे किती डिग्री चढते त्याने गुणायचं, ते चिपच्या वरच्या गरमीत मिळवायचं, की आतलं कळतं. आतलं दीडशेच्या पुढं गेलं की चिप मेली. बरोबर ना? तर पप्पा गेल्यापासून तो टेबलावर पडलाय, वायरच लावलेली नाही. वॅट शून्य. शून्याला कशानंही गुण, शून्यच. म्हणजे आतबाहेर खोलीएवढा गार पाहिजे.

लॉकडाऊनमधली ताप बघायची बंदूक चिपवर धरली. साडेछत्तीस. माणसाएवढं. तेही या थंडीत, उघड्या खिडकीपाशी.

फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "आई, गरमी आभाळातून पडत नाही. कुठून तरी खाल्लेली असते." मी म्हटलं, डोकं नको खाऊ.

काल इरफान कारागिराला चहा दिला तर हाताला हात लागला. म्हणतो, "भाभी, बरफ पकडके आयी क्या?" म्हटलं, भांडी घासली, तुला काय करायचंय, जा लूम बघ. भांडी तर सकाळीच झाली होती.

तो जळका बोर्ड कोणी आणून टाकला आणि परत फिरकलाच नाही, आठवतं? पप्पा त्यालाच चिकटून बसायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात गोधडी घ्यायचे, पंखा लावू द्यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी. गेले तेव्हा बोट त्या चिपवरच होतं.

बंदूक मी माझ्या कपाळाला पण लावली. आकडाच येत नाही, इंग्रजी दोन अक्षरं येतात. शेजारच्या माधवीला दाखवली. "काकी, लो म्हणतेय. सेल गेले असतील." नवे सेल टाकले. तेच.

बोर्ड फेकायला खाडीवर गेले होते. पुलावर उभी राहिले. पिशवीतून मांडीला ऊब लागत होती, पप्पा शेजारी बसले की लागायची तशी. परत आणला. ओरडू नकोस. मला ठाऊक आहे मी काय करते ते. रोज त्यावर हात ठेवते आणि रोज ठेवणार.

तुझे हात लहानपणापासून गरम. म्हणून म्हणते, येऊ नकोस. तिथूनच एवढा हिशेब करून कळव, माणूस किती वॅटचा असतो आणि माझे किती उरले असतील.

माधवीला सांगून ठेवलंय; बोर्ड गार पडला असा तिचा फोन आला की मग ये. तेव्हाही त्याला हात लावू नकोस. चिमट्याने उचल आणि खाडीत टाक.

मलाही हात लावू नकोस.

अजून थोडी ऊब शिल्लक असलेली,
तुझी आई