पलंगावरून कारखान्यात

सोमवार, ३ फेब्रुवारी

"मग मी नेमकी कुठे असणार — इथे पलंगावर की तिकडे कारखान्यात?" आईनं विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, तीही संगणकाची. म्हणून असले प्रश्न माझ्याकडे.

आईचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहणार. कपड्यांच्या कारखान्यात ती मार्कर लावते — म्हणजे कोटाचे सगळे तुकडे संगणकावर असे मांडायचे की कापड कमीत कमी वाया जावं. येत्या सोमवारपर्यंत काम सुरू झालं नाही तर मॅनेजर तिच्या जागी दुसरं माणूस घेणार. तिथला संगणक विंडोजचा, माझा लॅपटॉप लिनक्सचा. मी म्हटलं, दोन्ही जोडते. म्हटलं खरं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कारखान्यात जाऊन आले. नशीब, तिथलं विंडोज प्रो आहे. साधं 'होम' विंडोज असतं तर त्यानं बाहेरच्याला आत घेतलंच नसतं. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून तो संगणक चालवायची सोय, सुरू केला. संगणक झोपू नये अशी सेटिंग केली. इंटरनेटवर दार सताड उघडं नको म्हणून मधे व्हीपीएन — आमच्यापुरता खासगी रस्ता. त्या संगणकावर आईचं खातं होतंच. चाचणीसाठी माझंही एक काढलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जोडलं गेलं! आईनं इथे माउस हलवला आणि चार किलोमीटरवरच्या संगणकातला बाण हलला. अभ्यासात हे सगळं वाचलं होतं, तरी अंगावर काटा आला.

मग एकदम सगळं बंद. फोन केला. कटिंग मास्तर म्हणाले, पडद्यावर पासवर्ड मागत होता, वाटलं अडकला, म्हणून बटण दाबलं. बाहेरून कुणी आत असलं की तिथला पडदा कुलूपबंद दिसतो, हे सांगायचं मीच विसरले होते. आई म्हणाली, "मी आत असताना दिवा घालवला की मास्तरांनी!"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आईला त्रास नको म्हणून आज मीच बसले. आपोआप मांडणीचं बटण दाबलं: एक्याऐंशी टक्के कापड कामी. चार तुकडे उलटे फिरवून त्र्याऐंशीवर नेलं. फुशारकीनं दाखवलं.

"अगं, मखमल आहे ही," आई म्हणाली. "एक बाही चढत्या लवेची, एक उतरत्या. एकाच कोटात दोन रंग दिसतील."

मग तिनं माउस घेतला. बगलेच्या खोलगट जागेत कॉलर, दोन पाठींच्या फटीत खिसे — कागदावर मोजणं नाही, काही नाही. एक तुकडा जरासा सरकवते, थांबते, बघते. सत्याऐंशी! आणि सगळी लव एका दिशेला.

इतकी वर्षं फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी 'मजुरी' लिहीत आले.

सोमवार, १० फेब्रुवारी

आईनं स्वतःच जोडणी केली, पहिल्या ऑर्डरची मांडणी वेळेत पाठवली. संध्याकाळी मॅनेजरांचा फोन — मला. घरूनच होतंय तर तूच कर, शिकलेली आहेस, आईला आता कायमचा आराम दे.

चार महिने मी नोकरी शोधतेय.

आईला सांगितलं. "घे की," म्हणाली. "मी काय, बघून बघून शिकलेली." आणि नीटच असलेलं पांघरूण नीट करत बसली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी कारखान्यात जाऊन मॅनेजरांना नाही म्हटलं, काम आईच करेल म्हणून सांगितलं, आणि त्यांच्यासमोरच माझं खातं पुसलं. घरी आल्यावर आईला तिच्या खात्याला नवा पासवर्ड घालायला लावला; जुना मला ठाऊक होता. ती टाइप करत होती तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.