कातडीतून आत

३ सप्टेंबर २०१७, रविवार
तिसऱ्यांदा फसलं! सकाळी खाटकाकडून बकऱ्याचा कान आणला, कातडी सोलली, काचेच्या दोन भांड्यांमध्ये ताणून बसवली. वर माझं जेल, खाली मिठाचं पाणी. दर तासाला खालचं पाणी काढून तपासायचं — गुडघेदुखीचं औषध किती उतरलं. सहा तासांत जवळजवळ काहीच नाही. मॅडम म्हणतात, "अगं मोनाली, बाहेरचं आत येऊ न देणं हेच तर कातडीचं काम." मग एम.फार्म.ला माझं काम काय? तिला फितवायचं. औषधाचे कण इतके बारीक करायचे की केसाच्या जाडीत हजार ओळीनं बसतील, आणि तिला पत्ता लागायच्या आत आत.

खाटीक रोज विचारतो, "ताई, नुसता कानच कायले लागते तुमाले?" आज खरं सांगितलं. त्याला माझी कीव आली असावी.

७ सप्टेंबर
रूममेट दीपानं 'नॅनो' लिहिलेलं गोरं व्हायचं क्रीम आणलं. विचारते, खरंच आत जातं का गं? म्हटलं, जात असेल, पण आत जाऊन काय करतं ते डबीवर कुठं लिहिलंय? फुगली. तरी थापलंच तोंडाला.

१० सप्टेंबर, रविवार
गावी आले. यंदा कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलीय. वावरात बाबा दिसलाच नाही, नुसता फवारा दिसला. रोज पंप पाठीवर — आज आपलं वावर, उद्या दुसऱ्याचं रोजानं. "अळी काही आयकत नाई व. औषध मारू मारू खांदा गेला माहा."

खांद्यासाठीच ट्यूब नेली होती. प्रयोगातलं जेल माणसाला लावायचं नाही हा मॅडमचा नियम, म्हणून मेडिकलमधून घेतलेली. पण तीही बारीक कणांचीच. मीच चोळून दिली. कसं लावायचं, काय पाळायचं, दोनदा समजावलं. बाबानं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

"सुईबिना आत जाते?"

"जाते."

"मंग डॉक्टरचं काय काम उरलं?"

घनश्यामकाका शेजारच्या वावराच्या धुऱ्यावरून आले तर त्यांना खांदा उघडा करून दाखवला. "माह्या पोट्टीनं कातडीतून औषध घातलं. पाह्य." मला लाज वाटली. बरंही वाटलं. फार बरं वाटलं.

१४ सप्टेंबर
बाबाचा फोन. खांदा हलका झालाय. "तू सांगतलं तसंच करून राह्यलो."

१९ सप्टेंबर
उतरलं! सहा तासांत बारा टक्के! मॅडमनी कँटीनला नेऊन चहा पाजला. पहिला फोन बाबाला लावला. उचलला नाही. वावरात असेल.

२० सप्टेंबर
वावरातच होता. उलट्या करत पडला होता. डोळ्यांपुढं अंधुक, घामानं निथळत होता. घनश्यामकाकांनी आधी मारेगावला नेलं, तिथून इकडे यवतमाळला. वॉर्डभर फवारणीवाले. एका खाटेवर दोघे-दोघे.

डॉक्टर म्हणाले, कातडीतून गेलंय. अंगावर, हातांवर तसंच राहिलं की जातं. "आजचा दिवस निघू द्या," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

कातडीतून! मी वर्षभर बकऱ्याचे कान सोलतेय, आणि हे जहर एका दुपारीत पार झालं.

"फवारणी झाल्यावर हात धुतले होते का?" डॉक्टरांनी विचारलं. मायनं पदर तोंडाला लावला. बाबा डोळे मिटूनच म्हणाला, "नाई. इसरलो."

माझा तोल गेला. "शिकलेल्या पोरीचा बाप ना तू! इतका अडाणी कसा?" डॉक्टर, नर्स, घनश्यामकाका, सगळ्यांसमोर. बाबा ओठातल्या ओठात हसला. "चुकलं, बाई."

२१ सप्टेंबर
इंजेक्शनांनी भ्रम झालाय. पडल्या पडल्या हवेतून कापूस वेचतो. दोन बोटांनी एकेक बोंड मोकळं करतो आणि पोटाशी टाकतो. मी चादरीची ओटी करून धरली.

"भरली?"

"भरली, बाबा."

"मंग चाल घरी."

२४ सप्टेंबर, रविवार
ओळखलं! "तुहं कॉलेज बुडून राह्यलं," हे पहिलं वाक्य. मी बोटं दाखवली, त्यानं बरोबर मोजली. तीनदा मोजायला लावली. आज लिहिते — मला वाटलं होतं बाबा गेला. माय झोपली की जिन्यात जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत यायचे.

२७ सप्टेंबर
घरी आणलं. अजून भिंतीला धरून चालतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं ठरलं होतं, डॉक्टर नको म्हणाले. हिरमुसला.

मी विहाराच्या भिंतीवर कागद चिकटवला. फवारणी झाली की ताबडतोब साबणानं हात धुवा. बाबा भिंत धरत धरत बघायला आला. वाचलं. म्हणाला, "आखीन मोठ्या अक्षरात लिय. माह्यासारखे अडाणी असतेत गावात."

"असतातच ना," मी म्हटलं. अजून राग होता माझ्यात. इतकी साधी गोष्ट!

मॅडमना कागदाचा फोटो पाठवला. लिहिलं त्यांनी — शाब्बास.

३० सप्टेंबर, दसरा
सगळी वस्ती नागपूरला. घरी आम्ही तिघंच. चहाच्या वेळी बाबाला पुन्हा हात धुण्यावरून बोलले. तो उठून बाहेर गेला. माय भांडी घासता घासता थांबली.

"बस झालं व. कायले रोज बोलतं त्याले? तूच तं सांगतलं होतं — औषध लागलं का चार घंटे पाणी लावाचं नाई, मुरू द्याचं. थो पंपातल्या औषधाचं बी तसंच समजला. तुले सांगू नको म्हणून तुही शपथ घातली त्यानं मले."

औषध. गावात त्यालाही औषधच म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हणत आले.

बाबा ओट्यावर एकटा बसलाय. जाते.